कागदी घोडी

ग्लेनिस म्हणते, एका फाईलीत दहा एमबीच मावतं.
लायब्ररीच्या स्कॅनरवर माझी दोन वर्षं पालथी पडलीत
आणि बाहेर इन्व्हरकार्गिलचा वारा
कुणाला गाडीचं दार उघडू देत नाही.

कॉलम अकरा : नातं खरं आहे हे सिद्ध करा.
एकत्र राहिलेले दिवस, सदतीस.
एकत्र वीजबिल नाही, खातं नाही.
एकत्र फोटो चार.
तिसरं कोण होतं नरिनच्या त्या कुरणावर
कॅमेरा धरायला? मेंढ्या होत्या.

मी गेलो होतो लोकर कातरायचं मशीन शिकवायला,
सहकारी संघाच्या खर्चानं, अठरा दिवस.
ती शाळेत भूगोल शिकवायची; दुभाषी म्हणून आली
कारण ठरलेला माणूस ऐनवेळी आजारी पडला.
पहिल्या दिवशी तिनं माझ्या अर्ध्या शिव्यांचं भाषांतर केलं,
उरलेल्या अर्ध्यांवर नुसती हसली.
हे कुठल्या कॉलमात लिहू?

मेसेज छापले, दोनशे चौदा पानं.
ग्लेनिसनं ठरवलं होतं, वाचायचं नाही.
'जेवलास का.' 'बर्फ पडला.' 'पाठ कशी आहे.' 'बर्फ पडला.'
'आज पोरांना फळ्यावर तुझं बेट काढून दाखवलं.
खाली जागा पुरली नाही,
तुझं गाव भिंतीवर आलं.'
इथं ग्लेनिसनं चष्मा काढून पुसला
आणि म्हणाली, टोनर संपत आलाय.

कॉलम एकोणीस : अर्जदार परत जाईल हे सिद्ध करा.

म्हणजे अकरामध्ये लिहायचं
की आम्हाला एकमेकांवाचून करमत नाही,
आणि एकोणीसमध्ये, की तिला करमेल.
सही मात्र एकच, खाली, शपथेवर.

त्या रात्री फोन लावला. माझे दहा, तिचे दुपारचे चार.
विचारलं, बुरुल,
मला सोडून जायला तुझ्याकडे काय काय आहे?
ती थांबली. लाईन गेली असं वाटलं.
मग मोजू लागली, बाजारहाटाची यादी सांगावी तशी :
आई, आणि आईचे गुडघे.
सातवीचा वर्ग, त्यांची आफ्रिका व्हायचीय.
धाकट्या भावाचं कर्ज, त्याला जामीन मी.
नमद्याचा गालिचा, एक कडा राहिलीय.
आणि घोडी.
घोडी गाभण आहे. मेमध्ये व्यायची.

घोडीपाशी तिचा आवाज असा काही मऊ झाला
की सत्तावन्न वर्षांच्या या माणसाला
एका जनावराचा हेवा वाटला. खोटं कशाला सांगू.

मुख्याध्यापकांची चिठ्ठी आली : बिनपगारी रजा, मार्चअखेर हजर व्हावे.
मग पशुवैद्याचा दाखला, तीन शिक्के, एक उलटा :
वय नऊ, कपाळावर पांढरा ठिपका,
मालकीण असानबेकोवा.
क्राइस्टचर्चच्या भाषांतरकारानं पानामागं पैसे लावले
आणि 'सात महिन्यांची गाभण' याखाली
स्वतःच्या सहीची मोहोर उठवली.
आयुष्यभर लोकांना कागदी घोडे नाचवताना पाहिलं.
ही पहिलीच,
जिच्या पोटात शिंगरू आहे.

ग्लेनिसनं विचारलं, पाठवू?
मी टोपी काढली, का ते माहीत नाही.

आज बत्तीस दिवस झाले. स्थिती : विचाराधीन.
मी दुसऱ्यांच्या शेडमध्ये मेंढ्या कातरतो,
वाकलेल्या पाठीनं खिशातला फोन कधी थरथरतो याकडे लक्ष.
बहुतेक वेळा घोडीच्या पोटाचा फोटो असतो.
घोडी सुखरूप व्यावी असं मनापासून वाटतं.
मे मात्र जरा रमतगमत यावा.

मागच्या दाराशी गमबूट आणून ठेवलेत,
अडतीस नंबर, हिरवे.
तेवढी एक पावती मी जोडली नाही.
एकोणीसच्या विरोधात गेली असती.