पुढच्या चाकाचा ब्रेक

हीउमा बेटाला उतार नाही.
दीपगृहापाशी जरासा उंचवटा आहे,
तिथंही सायकलवाल्याला धाप लागत नाही.
मग ब्रेक कशाला दुरुस्त करायचा, मी लेइदाला विचारलं.
"हरणं," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळानं,
"आणि माणसं."

पंचवीस वर्षं तिनं या जावावरून टपाल वाटलं.
आता एक्क्याऐंशी. किक मारायचं बळ गुडघ्यांत नाही,
पण गाडी तिला चालती हवी,
चालतीपेक्षाही, थांबती.

अॅक्सल गंजून धरला होता.
रात्रभर रॉकेल पाजलं, तेव्हा सकाळी
हातोडीच्या तिसऱ्या ठोक्याला निघाला,
रुसलेल्या जावयासारखा, कुरकुरत.

झाकण उघडलं. आत काळी भुकटी.
"फुंकू नकोस!" ती दारातून ओरडली.
"छातीत जाऊन बसते ती. आमचा एवाल्ड फुंकायचा."
पुढं काही बोलली नाही.
ओल्या फडक्यानं सगळी टिपली.
फडकं पिशवीत, पिशवीला गाठ.

लायनर काचेसारखे गुळगुळीत.
ही चकाकी जोरात थांबणाऱ्याच्या ब्रेकला येत नाही,
लांबून, हलकेच, दाबत दाबत येणाऱ्याच्या ब्रेकला येते.
कुत्रं झोपलेलं असतं फाटकात,
कुणाच्या घरी तान्हं बाळ.

स्प्रिंगा उचकटल्या आणि टणकन काहीतरी पडलं.
नखाएवढा पत्रा, दुमडलेला,
शू आणि कॅमच्या मध्ये कुणी पाचरीसारखा खोवलेला.
पुसला तर निळा रंग, सोनेरी कड,
आणि अर्धा मासा, शेपटीकडचा.

तिनं चष्मा लावला, मग काढला.
"स्प्रॅटचा डबा.
शू झिजले होते. डेपोत म्हणाले, पुढच्या तिमाहीत येतील.
तिमाह्या आल्या, गेल्या. मग डेपो गेला,
त्यांचा झेंडा गेला, रुबल गेले.
शू काही आले नाहीत.
शिवणाच्या कात्रीनं कापला होता मी.
तेव्हापासून ती कात्री कापड चावते."

मी शू घासत होतो, ती सांगत होती,
मला की खिडकीला, कळलं नाही:
"मार्चमधली गोष्ट. समुद्र गोठलेला,
बर्फावरच्या रस्त्यानं पलीकडून टपाल आणत होते.
बर्फावर ब्रेक मारायचा नसतो,
इथली शेंबडी पोरंही जाणतात.
मी मारला. समोर एवाल्ड, दोन्ही हात हलवत.
गाडी आडवी झाली, त्याला ओलांडून गेली,
थैली फुटली, पत्रं वाऱ्यावर.
पुढं बर्फ फाटलाय, एवढंच त्याला सांगायचं होतं."
"किती पुढं?"
"मोजायला कोण जाणार?
आम्ही पत्रं वेचत बसलो, अंधार पडेस्तोवर.
एक सापडलं नाही. अजून वाटतं,
कुणीतरी कुठंतरी उत्तराची वाट बघतंय."

जुने शू मी घासले खरे, पण बसवले नवे,
पोलंडहून पार्सलानं आलेले.
तिनं ते हुंगले. "याला कसलाच वास नाही," म्हणाली.
कडा कानशीनं उतरवल्या.
कॅमला ग्रीस, मुगाच्या डाळीएवढं, त्याहून नाही.
ड्रमवरचा केशरी पापुद्रा पॉलिश पेपरनं काढला,
खाली लोखंड निघालं, करडं, पहाटेच्या समुद्रासारखं.
पत्रा खिडकीच्या चौकटीवर ठेवला होता.
दुपारी पाहिलं तर तिथं नव्हता.
मी विचारलं नाही.

शेवटी एक काम उरतं, त्याला दोन माणसं लागतात.
अॅक्सल आवळायच्या आधी एकानं लिव्हर दाबून धरायचा,
म्हणजे आतले दोन्ही शू
आपापली जागा धुंडाळत मधोमध येतात.
ढिल्या चाकातच ते जमतं.
एकदा आवळलं की जमत नाही.

लेइदानं दोन्ही हातांनी लिव्हर धरला.
"दाब," मी म्हणालो. तिनं दाबला.
"हं, आवळ," ती म्हणाली. मी आवळला.
नट बसला. पाना खाली ठेवला. हात पुसले.
"झालं, सोड आता."

बाहेर बंदरातून शेवटची बोट भोंगा देत होती.
ती ऐकत उभी राहिली,
लिव्हर तसाच, दाबलेला.