पान सत्तावीस

माझ्या वहीत तिचं नाव शशिप्रभा नाही.
लोहारांची अक्काताई, पान सत्तावीस.
छाती बत्तीस, कंबर चोवीस,
बाही कोपराच्या वर दोन बोटं,
आणि समासात वडिलांच्या अक्षरात: उधार.

पहिलं नाटक गणपतीतलं, शिवाजी पेठेत.
तीन वाक्यांची राणी.
मखमल परवडंना, म्हणून पडद्याच्या उरल्या तुकड्यातनं
वडिलांनी चोळी काढली.
राणी पडद्यापुढं उभारली की
नुसतं तोंड आणि दोन हात. बाकी पडदा.
लोक म्हणाले, पोरीचे डोळे बघा.

मग स्टुडिओ. सिनेमा काळा-पांढरा
आणि ही हिरव्यासाठी अडून बसलेली:
राघूच्या पिसाचा पाहिजे, पानाचा नको.
मी तेव्हा काजं करायचो.
म्हटलं, अक्का, तिथं सगळी राखच दिसती की.
"मला दिसतोय न्हवं," म्हणाली.

पानावर खाडाखोड वाढत गेली.
नायिका, नायिकेची थोरली बहीण,
बत्तिसाव्या वर्षी नायकाची आई,
नायक तिच्याहून चार वर्षांनी मोठा.
कमरेला पावशेर कापूस बांधून दिला मी.
पुढं दर सिनेमाला थोडा काढत आलो.
एक दिवस म्हणाली, आता ऱ्हाऊ दे, मुकुंदा.
तो कापूस अजून फडताळात आहे.

मधली अकरा वर्षं कोरी.
एकदा भवानी मंडपापाशी दिसली, पिशवीत कोथिंबीर.
कुणीतरी थांबवून विचारलं, तुम्ही त्याच ना?
"न्हाई वो. सगळी तसंच म्हणत्यात."
तो गेल्यावर माझ्याकडं वळून: कसं झालं?

मग मालिका. कळंब्याकडं बंगला, ही सगळ्यांची आजी.
पोलकी तयार आणलेली, कुणाच्याच मापाची नाहीत,
मागनं काळे चिमटे लावून आवळलेली.
पुढनं बघाल तर राजघराणं.
फोन आला: टोचतंय, सुई घेऊन ये.
कॅमेऱ्याला पाठ दिसत नाही, तिथला पोरगा म्हणाला.
"पाठ माझी हाय," ही म्हणाली.

मार्चमध्ये तिला मारलं.
जिन्यावरनं पडली, तेही दाखवलं नाही, नुसता आवाज.
आता भिंतीवर हार घातलेला फोटो,
सुना त्याच्यापुढं कट रचतात.
साडेसातला ती दुकानात येते,
मशीनशेजारी स्टुलावर, चहा बशीत.
"फोटोचं पैसं देत न्हाईत. इचारलं मी."
मग चष्मा सारून टीव्हीकडं वाकते:
"हार कापडाचा हाय. डावीकडनं उसवलाय बघ.
उद्या पांढरा दोरा दे, मी जाऊन येते."