सुटा भाग

पंप तळहाताएवढा. किंमत एक लाख बारा हजार.
त्यावर आयातकर, त्यावर मजुरी,
आणि पुण्याहून येणाऱ्या पोराचं राहणं-जेवण वेगळं.
अकरा आठवडे, म्हणाले. ते मार्गशीर्षात.
आता चैत्र संपत आलाय, अक्कलकोट रोडचं डांबर
चपलेला चिकटतंय,
आणि पंप अजून कुठल्याशा बंदरात.

गाडी लाल. दोनच माणसं बसतात.
नऊ वर्षांची, माझ्याकडं तिसऱ्या हाती आलेली.
विजेवर चालते म्हटल्यावर वडील म्हणाले होते,
"आपल्या मागांनाच कुठं पुरत होती रे वीज."
आता माग नाहीत. भंगारवाल्यानं किलोवर नेले.
चार नंबरचा होता तिथं ही उभी,
खाली बोल्टांची भोकं अजून तेलकट.

मागाचं काही गेलं की
येमूल मिस्त्रींकडं सायकल काढायची,
झिजलेला बुश खिशात.
चहा होईस्तोवर लेथवर नवा. पैसे शनिवारी.

मिस्त्री परवा येऊन गेले. सत्त्याहत्तरचे.
बॉनेटखाली मान घालून बराच वेळ गप्प.
मग जुना पंप काढून कानाशी हलवला,
नारळ हलवतात तसा.
"हे म्या करतो की. बुश गेलाय निस्ता."

मी सांगितलं, बसवला तरी चालायची नाही.
आतला कॉम्प्युटर ओळख विचारतो,
ओळख कंपनी देते,
आणि कंपनीनं हे मॉडेलच बंद केलंय.
त्यांनी पंप फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला.
"म्हंजे मोडलंय हे, आन् रुसलंय दुसरंच कोण तरी."

रोज तीनच्या सुमाराला पत्र्याच्या फटीतून
ऊन थेट तिच्यावर येतं.
ढकलायची सोय नाही, चाकं आतून कुलूपबंद.
बीम वाहायच्या ढकलगाड्या खाली सारून
पोशव्वा, तिचा पोरगा आणि मी
तिला भिंतीकडं सरकवतो.
"म्हैस बरी," पोशव्वा म्हणते,
"सावलीला आपली आपण जाते."

गेल्या सोमवारी स्क्रीनवर सदतीस टक्के होते.
आज छत्तीस. कुठं गेली नाही, तरी.
बायकोला एकूण खर्च चाळीस हजार वाटतो.
मी तो तसाच राहू दिलाय.

रात्री निरोप आला: माल निघाला आहे.
दार उघडून आत बसलो. सीट अजून कोमट.
होटगी रोडला एकदा, पहाटे, विमानतळाच्या भिंतीलगत
अशी सुटली होती, बिनआवाज,
की कुत्रं भुंकायचं विसरून
नुसतं बघत राहिलं.

निरोप पुन्हा वाचला. खाली बारीक अक्षरात
पंपाचा नंबर. शेवटी सात.
आपल्यावर एक आहे, असं आठवत होतं.
मोबाईलच्या उजेडात फडकं सोडलं, अंगठ्यानं तेल पुसलं.

एकच आहे.