अर्थिंग

निवृत्त अभियंता संघाच्या परभणी शाखेनं
माझ्यावर काम टाकलंय: स्मरणिकेसाठी
दिवंगतांचे परिचय, प्रत्येकी ऐंशी शब्द.
मी इंजिनिअर नव्हे. सर्कल ऑफिसात ट्रेसर होतो,
चौतीस वर्षं त्यांच्या रेघांवरून रेघा ओढल्या.
अक्षर चांगलं, म्हणून मी.

छापील नमुना आहे. नाव, पदवी, पदं,
पुरस्कार, पश्चात कोण.
ढगेसाहेबांचा एका बैठकीत भरून झाला:
सुवर्णपदक, दोन परदेश दौरे,
फीत कापतानाचा फोटो.
उरलेल्यांचं अडतंय.

सय्यद मोईनुद्दीन. शिकले हैदराबादला, उर्दूतून.
लिंबाची काडी ट्रान्सफॉर्मरच्या टाकीला टेकवायचे,
दुसरं टोक दातात, डोळे मिटलेले.
म्हणायचे, याच्या पोटात काहीतरी सुटलंय.
उघडलं की नट ढिला निघायचाच.
शेवटची सहा वर्षं त्यांना कानांनी
काहीच ऐकू येत नव्हतं,
हे ऑफिसला निरोप समारंभात कळलं.
टँकरच्या वर्षी वजूचं उरलेलं पाणी
ते अर्थिंगच्या खड्ड्यात नेऊन ओतायचे.
कोरड्या जमिनीत करंट मुरत नाही, बेटा.
फोटो मिळाला नाही. लॉगबुक मिळालं:
उजवीकडून डावीकडे निघालेल्या ओळी
आणि त्यांतून उलटे चालत येणारे
व्होल्टेजचे आकडे,
बाजार उठल्यावर गावात शिरणाऱ्या माणसासारखे.

विमल सोनकांबळे.
परळीची राख इन्सुलेटरवर बसते,
पहाटे दव पडलं की थर ओला होतो
आणि ठिणगी त्यावरून सरकत जाते, निळी.
बाईंनी तीन हिवाळे टॉर्च घेऊन नोंदी केल्या,
कोणत्या वाऱ्याला कितव्या दिवशी धुवायचं.
निबंध मुंबईला पाठवला.
परत आला. शेरा: संदर्भ अपुरे.
नऊ वर्षांनी परिपत्रक निघालं,
तेच वारे, तेच दिवस.
तक्ता मीच ट्रेस केला होता.
खाली सही कुणाची, ते सांगत नाही.
ढगेसाहेबांचा परिचय वर दिलाच आहे.

भुजंग बिडवे. औशाकडचं सबस्टेशन,
त्र्याण्णव साल, विसर्जनानंतरची रात्र,
चाराला चार मिनिटं कमी.
जमीन हलली, पण रिले पडले नाहीत.
फोन मेलेला. वरून हुकूम नाही.
त्यांनी पाचही फीडर हातानं पाडले,
एकामागून एक.
लोक सायकलींवर आले, पायी आले,
उजेड द्या म्हणाले, आमची माणसं खाली आहेत.
ढिगाऱ्यांत तारा लोंबत होत्या,
पाऊस पडत होता, उकरणारे हात ओले.
बिडव्यांनी कंट्रोल रूमच्या दाराला आतून कडी घातली.
दोन रात्री अंधार धरून बसले.
एकानं खिडकीतून चप्पल मारली,
तिचा वळ कपाळावर महिनाभर होता.
त्या पाच फीडरवर शॉकनं कुणी गेलं नाही.
पण न मेलेल्यांची यादी कोण ठेवतं?

नमुन्यात रकाना आहे: उल्लेखनीय कार्य.
मी लिहिलं, अंधार केला.
सचिवांनी लाल शाईनं गोल काढून
फोनवर विचारलं, काहून हो, चुकलं वाटतं?
नाही, म्हणालो. तसंच राहू द्या.
आणि शब्द ऐंशीच्या वर गेलेत, तेही.

शेवटच्या पानावर अडीच इंच जागा उरली.
मोटार वाइंडिंगवाल्याची जाहिरात घेऊ म्हणाले.
मी जुना ड्रॉइंग पेन गरम पाण्यात बुडवून मोकळा केला
आणि तिथं आमची खूण काढली:
उभी एक रेघ, तिच्याखाली आडव्या तीन,
प्रत्येक वरचीपेक्षा तोकडी.

मग निब धुतली.
काळपट पाणी अंगणात नेलं,
मीटरखालच्या खड्ड्यात ओतलं.
मे महिना.
वाटी सरळ करेपर्यंत
जमीन पिऊन मोकळी.