तीन हजार मिलिमीटर

तंबूच्या पिशवीवर छापलंय : ३००० मिमी.
म्हणजे कापडावर तीन मीटर उंच पाणी उभं केलं
तरी थेंब आत येणार नाही.
मी मनातल्या मनात सोलापूरच्या पावसाने भागून पाहिलं :
आमची पाच वर्षं.
पाच वर्षांचं आभाळ एका रात्रीत कोसळलं
तरी मी कोरडी.
अण्णा म्हणाले, छापायला काय जातंय.

अण्णा, म्हणजे नरसय्या बोधूल,
अडतीस वर्षं चादरीच्या मागावर;
खडखडाटाने कान गेले, बोटं शाबूत.
खिशातून पितळी भिंग काढून
त्यांनी इंचभर कापडातले धागे मोजले,
ओठ हलवत, जपासारखे.
"उभा धागा बरा आहे. आडव्यात कंजुषी."
मग शिवणीवरून नख नेलं, आणि मध्येच थांबले.
"पाणी कापडातून येत नाही गं.
सुई जिथून गेली, तिथून येतं."

अम्मा तिसऱ्यांदा म्हणाली, दोघांचा घे की.
आठशे रुपयांचा तर फरक.
आठशेचा नाही, अम्मा. किलोभराचा.
आंबोलीच्या चढावर, चिखलात,
जो आलेलाच नाही त्याचं एक किलो
मी पाठीवर का वाहू?
ती शेंगा सोलत राहिली.
टरफलांचा आवाज जरा वाढला, इतकंच.

दोन तंबू होते गच्चीवर.
फिरदोसकडून उसना आणलेला, एकपदरी, पिसासारखा हलका.
आणि कुरिअरने आलेला, दुपदरी,
सात दिवसांत परत करता येईल असा.
पाऊस हवा होता. तो कुठून आणायचा?
जुलै अर्धा संपला तरी
अक्कलकोट रोडवर धूळच उडत होती.

नळाला पाणी पाचव्या दिवशी, रात्री दोनला.
सगळी गल्ली जागी, मोटारी घरघरत,
आणि मी टाकी भरायची सोडून
तंबूवर बादल्या ओतत होते.
समोरच्या गच्चीवरून चिप्पाकाकूंनी बॅटरी मारली,
बघितलं, आणि बंद केली.
अम्मा खालून मोजत होती : सात. आठ. अगं, नऊ!
अण्णा एकपदरीत मांडी घालून बसलेले,
हातात कोरडा टॉवेल, कोपरे चाचपत.
मी कापडाला तोंड लावून ओरडले : "तडिसिंदा?"
आतून खूप वेळाने : "लेदु."
नाही भिजलं.

मग ते तिथेच झोपले.
सकाळी बाहेर आले तर सदऱ्याची पाठ ओली,
भिंतींना आतून घाम.
मी शिवण शोधत होते, फाटकं शोधत होते.
ते म्हणाले, "सोड. बाहेरचं नाही हे.
माझंच आहे. रात्रभराचं."
आणि हसले,
एवढा मोठा माणूस, स्वतःच्या श्वासाने भिजलेला.

दुपदरीत दोन कापडांमध्ये चार बोटं पोकळी.
श्वास आतल्या जाळीतून जातो,
बाहेरच्या कापडावर थेंब होतो,
आणि आपल्याला न शिवता कडेने उतरतो.
वजन तीनशे ग्रॅम जास्त.
ते मात्र मी वाहीन.
दाराबाहेर बूट ठेवायला पडवीसुद्धा आहे,
फक्त एका जोडीची.

अम्माने पडवीच्या कडेला घमेली लावली होती.
अकरा बादल्यांतल्या साडेआठ परत मिळवल्या,
त्यात भांडी घासली, मोगरा भिजवला,
आणि त्या दिवसापासून
दोघांच्या तंबूचा विषय काढला नाही.
विसरली असं मी म्हणत नाही.

आंबोलीला जाईन तेव्हा जाईन.
परत करायची तारीख काल उलटली.
तंबू गच्चीवर आहे, दोन टाक्यांच्या मध्ये,
वर आभाळ खडखडीत,
आणि आत अण्णा.
म्हणतात, अजून एक रात्र बघतो,
आडव्या धाग्याचा मला भरवसा नाही.