सतरा आणि एक्केचाळीस

रात्री दोन वाजून छप्पन्न मिनिटांनी फोन थरथरला.
ईसाफ्योर्दुर बंदराच्या कचेरीत मी एकटीच,
हीटरवर मोजे वाळत घातलेले,
काचेबाहेर फ्योर्डवर बर्फाचा पातळ पापुद्रा.
निरोप एवढाच : दोघे अडकलेत.

दोघे म्हणजे दोन हुकूम.
एक हाल्बेराचा : बोट पुसून टाका,
भंगारात गेली, नाव ठेवायचंय कशाला.
दुसरा तिच्या भावाचा, ग्वुद्लोयगुरचा :
कंपनी बंद झाली, तीही पुसा.
बापाला पुरल्यापासून दोघं बोलली नव्हती.
पुसायला मात्र दोघांनी एकच रात्र धरली.

आमच्याकडे नियम असा :
आईची ओळ पुसली की पोटच्या ओळी आपोआप जातात.
बोट गेली की तिच्या फेऱ्या,
फेऱ्यांमागून धक्क्यावर उतरवलेली मासळी,
मासळीच्या पोटात वजनं, बर्फाचे किलो, तराजूवाल्याची सही.
कंपनी गेली की परवाने,
परवान्यांमागून मासळी.
तीच मासळी.
दोन आया, आणि पोरं सामाईक.
हे कोष्टक मीच आखलं, अकरा वर्षांपूर्वी,
आणि तेव्हा मला ते फार सुबक वाटलं होतं.

पडद्यावर बघितलं.
बोटीच्या हुकुमानं एक्केचाळीस नंबर धरलेला,
कॉड, सहाशे बारा किलो,
आणि तो सतरासाठी खोळंबलेला.
कंपनीच्या हुकुमाच्या मुठीत सतरा,
आणि त्याला हवा एक्केचाळीस.
खोटं कुणीच बोलत नव्हतं. आळशी कुणी नव्हतं.
काम तडीस गेल्याशिवाय मूठ उघडायची नाही,
हे तर मीच शिकवलेलं दोघांना.

माझे वडील, आउस्ग्रीमुर, मासळीचा ट्रक चालवायचे
डोंगराखालच्या बोगद्यातून.
आत एका फाट्याला एकच पट्टी,
मधूनमधून बाजूला खोबण.
खोबण ज्याच्या हाताला, त्यानं थांबायचं.
एकदा खोबण आमच्या हाताला होती, आणि समोर दिवे आले.
बाबांनी इंजिन बंद केलं, डबा उघडला,
वाळवलेला मासा चघळत बसले.
"कुणीतरी मागं जाणारच," म्हणाले, "आज मी नाही."
शेवटी समोरच्यानं रिव्हर्स घेतला,
आरसा भिंतीला घासत.
मी नऊ वर्षांची. मला वाटलं, बाबा जिंकले.
आता फक्त तो घासण्याचा आवाज आठवतो.

मशीनला हट्ट नसतो.
ते जरा थांबतं,
कोण कुणासाठी उभंय याच्या रेघा ओढतं,
आणि रेघ वळून स्वतःपाशीच आली
की एकाला बळी ठरवतं.
आमचा रीतसर शब्द आहे हा, बळी.
निवडीत न्याय नाही, हिशेब आहे :
ज्याचं काम थोडं झालंय, त्याला मागं लोटणं स्वस्त.
त्या रात्री भाऊ स्वस्त पडला.
त्यानं पुसलेलं सगळं परत आलं,
परवाने, कंपनीचं नाव, बापाचा जुना टेलिफोन नंबर,
जणू कुणी हात लावलाच नव्हता.

मग मी दोन कामं केली.
मासळीच्या रकान्याला सूची लावली,
पोरं शोधायला सगळं घर उपसायला नको.
आणि लिहून ठेवलं : आधी मासळी, मग आया.
लहान नंबर आधी. सतरा, मग एक्केचाळीस,
हुकूम कुणाचाही असो.
यात शहाणपण काही नाही. रांग आहे.

पाचला भावाचा हुकूम पुन्हा सोडला.
तो थेट मासळीपाशी गेला,
आणि तिथं काही नव्हतं.
बहीण आधीच पुसून गेलेली.
अडवायला कुणी नाही, धरायलाही काही नाही.
नोंद उमटली : मासळी, शून्य ओळी.
मग परवाने गेले, मग कंपनी, बिनबोभाट.

आठ वाजता ग्वुद्लोयगुरचा फोन.
झालं का, विचारलं.
झालं, म्हटलं.
त्यानं फोन ठेवला नाही.
मीही ठेवला नाही.