आंधळ्या बाजूनं

जबाबात हवालदारानं लिहिलं,
'सदर महिलेने सांगितले की, मी पाहिले.'
मी सांगितलो होतो, 'मी बघितलो.'
आमच्याकडं बायकाही अशाच बोलतात,
आलो, गेलो, दूध घातलो.
त्यानं ते सरळ केलं.
सरळ झाल्यावर ते माझं वाटेना.
सही तेवढी माझी.

झालं होतं असं:
फायनल संपली, पेनल्टीवर.
दोन पेठांच्या मधल्या रस्त्यात दगड उडाले
आणि त्यातला एक
गंगावेशीत, कट्ट्यावर उभ्या
माझ्या हौशीच्या डाव्या डोळ्यात.
धारोष्ण दूध पीत उभी माणसं
पेल्यांसकट पळाली.
दोन पेले अजून परत आले नाहीत.
तेही लिहा म्हटलो. लिहिलं नाही.

पोरगं सोळाचं. प्रज्योत मगदूम.
चौकातले म्हणाले, तालमीत आणा त्याला,
चार दिवस उठायचा नाही असं करतो.
दीर म्हणाला, आत घाला.
वकील म्हणाला, भरपाई किती लावू?
पोराची आई कानातलं काढून
रुमालात बांधून घेऊन आली.
मी ती गाठ सोडलो नाही.

बाल न्याय मंडळात खुर्च्या गोल मांडलेल्या.
मॅडमनी विचारलं, 'तुम्हाला काय पाहिजे?'
हा प्रश्न रोज मी गिऱ्हाइकाला विचारतो.
मला कुणी विचारलेला आठवत नाही.
म्हटलो, डोळा.
मॅडमनी पेन खाली ठेवलं.
मग म्हटलो, ह्याला विचारा,
दगड कुणाला मारलास?
पोरगं बुटांकडं बघत बोललं,
'कुणालाच न्हाई. समद्यांनी उचलले, म्हणून उचललो.'
खरं बोललं, म्हणूनच राग आला.
कुणालाच न्हाई?
म्हणजे माझ्या हौशीला
कुणीच मारलं न्हाई व्हय?

ठरलं ते एवढंच:
नव्वद दिवस, पहाटे चारला गोठ्यात.
शेण, वैरण, पाणी. वहीत माझी सही.
पुरं केलंस तर खटला नाही, नोंद नाही.

पहिल्या दिवशी आला सव्वासहाला.
दुसऱ्या दिवशी आलाच नाही.
तिसऱ्या दिवशी आंधळ्या बाजूनं गेला
आणि हौशीनं मांडीवर अशी लाथ घातली
की दिराचं समाधान झालं.
मी हसलो. मग हळद लावलो.
सांगितलो, आवाज देत जा.
आधी हात ठेव, मग तू ये.
एका डोळ्यानं बघायचं तर तिला
अख्खी मान वळवावी लागते.

शेजारीण विचारते, माफ केलीस काय ग?
न्हाई बाई. शेण काढून घेतलो.
दूध दोन लिटरनं आटलं, ते आटलंच.

एकदा विचारलो, तुझी टीम जिंकली होती का हरली?
'हरली, पण रेफरी...'
अर्धा तास रेफरी.
मला हसू आलं,
आणि हसू आलं ह्याचा राग आला.

वही भरली.
दुसऱ्या दिवसाची सही मी खोटी केलो.
हवालदारानं माझं बोलणं सरळ केलं होतं,
तसं मी हे सरळ केलो.
मॅडम म्हणाल्या, आता याची कुठं नोंद राहणार नाही.
हौशीच्या तोंडावर राहील, म्हटलो.
त्या 'हो' म्हणाल्या. दुसरं काही म्हणाल्या नाहीत,
ते बरं वाटलं.

आज परत फायनल.
पेठेत झेंडे, कट्ट्यावर पाच म्हशी,
हौशी कडेला.
मैदानाकडनं ओरडा उठला, तिचे कान ताठ.
बघतो तर तिच्या डाव्या अंगाला पोरगं उभं,
हात तिच्या पाठीवर.
मॅचला गेला न्हाईस?
'तिकीट संपलं.'
खोटं असेल. असू दे.
हौशीनं अख्खी मान वळवली,
बघितलं,
आणि रवंथ पुढं चालू केलं.

मी पेला विसळलो, भरलो, त्याच्यापुढं धरलो.
पैसे दे, म्हटलो.